फांद्यांचा ढीग आणि अडकणारं श्रेडर: विकत की भाड्याने?

जुळे सोलापुरात आमच्या अंगणात दोन कडुलिंब, एक नारळ आणि कुंपणाला बोगनवेल आहे. छाटणीचा ढीग महिनोन्महिने पडून राहायचा, तळाला वाळवी लागायची. जाळणं पटत नव्हतं. मित्राचं विजेवरचं छोटं श्रेडर, म्हणजे फांद्यांचा चुरा करणारं यंत्र, आणलं, तर वाळक्या कडुलिंबावर पाती बोथट झाली आणि झावळ्यांचे धागे दांड्याला गुंडाळले. दोन रविवार गेले, फार वैताग आला.

मग हिशेब केला. वर्षातून 2 छाटण्या, दर वेळी 3 तास. एवढ्यासाठी विकत घेऊन वर पात्यांना धार लावत बसायचं? ओळखीच्या डाळिंब बागायतदाराकडून ट्रॅक्टरवरचं श्रेडर भाड्याने आणलं.

आधी मशीनची तारीख पक्की केली, छाटणी आदल्या दिवशी. ओल्या फांद्या सहज कापल्या जातात. मनगटाहून जाड लाकूड, झावळ्या आणि तारा बाजूला काढल्या. फांदी बुडख्याकडून घातली, शेवटचे तुकडे काठीने ढकलले. एकदा अडकलं, तेव्हा ट्रॅक्टर पूर्ण बंद करूनच उघडलं. हे कधीच टाळू नका.

चुरा झाडांच्या आळ्यांत 3 इंच पसरला, खोडापासून चार बोटं सोडून. झावळ्या कोयत्याने तोडून नारळाच्याच बुडात घातल्या.