फिल्मच्या पट्टीवर थेट रंगवताना या चुका टाळा

कॅमेरा न वापरता पारदर्शक फिल्मवर थेट रंग लावून, किंवा काळ्या फिल्मवर ओरखडे काढून अमूर्त लघुपट करू पाहणाऱ्यांची पहिली निराशा बहुधा एकसारखीच असते. टेबलावर प्रत्येक फ्रेम सुंदर दिसते आणि पट्टी पडद्यावर धावू लागली की सगळ्याचा करडा, थरथरणारा काला होतो. दोष रंगकामाचा नसतो. फ्रेमकडे सुटे चित्र म्हणून पाहण्याच्या सवयीमुळे हे घडते. सेकंदाला २४ फ्रेम सरकत असताना प्रेक्षकाला एकेक फ्रेम दिसत नाही, तर मागच्या आणि पुढच्या फ्रेममध्ये पडलेला फरक दिसतो; लागोपाठच्या फ्रेममध्ये काहीच सामाईक नसेल, तर नजरेला धरून राहायला काही उरत नाही.

म्हणून किमान एक गोष्ट काही फ्रेमपर्यंत टिकवावी. एखादी रेघ आठ फ्रेम त्याच जागी ठेवून भोवतालचे रंग बदलत गेले, तर ती रेघ एक तृतीयांश सेकंद स्थिर राहते आणि बाकीच्या हालचालीला अर्थ येतो. सरकणारा आकार काढायचा असेल, तर आधी हिशोब करावा. १६ मिलिमीटर फिल्मची फ्रेम साधारण १० मिलिमीटर रुंद असते. आकार दर फ्रेमला एक मिलिमीटर सरकवला, तर तो अर्ध्या सेकंदाच्या आत पडदा ओलांडतो. हाताची अर्ध्या मिलिमीटरची चूकही तीन मीटर रुंद पडद्यावर पंधरा सेंटिमीटरचा हिसका होते. अचूकता साधणार नसेल, तर फ्रेमच्या सीमा सोडून पट्टीच्या लांबीवर सलग रंगवावे, हे मला अधिक प्रामाणिक वाटते. कॅनडातील ॲनिमेशनपटकार नॉर्मन मॅक्लॅरेन आणि एव्हलिन लॅम्बार्ट यांच्या १९४९ मधील ‘बिगॉन डल केअर’मध्ये बराच भाग याच रीतीने रंगवलेला आहे. मोकळ्या जागेलाही घाबरू नये. मॅक्लॅरेन यांनी १९५५ च्या ‘ब्लिंकिटी ब्लँक’मध्ये काळ्या फिल्मवर कोरीव काम करताना असंख्य फ्रेम काळ्याच सोडल्या, आणि दोन झळाळ्यांमधल्या त्या अंधारात प्रेक्षकाची नजर हालचाल स्वतःच पुरी करते. अमेरिकन प्रयोगशील चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज यांच्या रंगवलेल्या अनेक फिल्ममध्ये एकच फ्रेम ऑप्टिकल प्रिंटरवर, म्हणजे फिल्मची एकेक फ्रेम नव्या फिल्मवर उतरवणाऱ्या यंत्रावर, दोन किंवा अधिक वेळा छापलेली आहे, त्यामुळे ती पडद्यावर जास्त वेळ टिकते. आज तेच काम संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये होते. मात्र सगळी फिल्म एकाच मापाने ताणली, तर लय सपाट होते.

दुसरी मोठी चूक रंग निवडतानाच होते. कागदावर आपण रंगावरून परतलेला उजेड पाहतो, तर फिल्ममध्ये उजेड रंगातून आरपार जातो. त्यामुळे कागदावर तेजस्वी दिसणारा अपारदर्शक पिवळा पडद्यावर जवळजवळ काळा उमटतो, आणि पांढरा रंग लावलेली जागाही काळीच पडते. पडद्यावरचा पांढरा म्हणजे न रंगवलेली, कोरी फिल्म. काम नेहमी खालून उजेड देणाऱ्या लाइट बॉक्सवर करावे आणि प्रत्येक रंगाची चाचणी आधी सुट्या तुकड्यावर घ्यावी. शाई, रंजकद्रव्ये आणि अल्कोहोलयुक्त मार्कर पारदर्शक राहतात. जाड ॲक्रिलिकचा थर पट्टी वाकली की तडकतो आणि प्रोजेक्टरच्या गेटमध्ये, म्हणजे फिल्म उजेडासमोरून सरकते त्या अरुंद फटीत, खपल्या सोडतो. पॉलिएस्टरच्या कोऱ्या फिल्मवर शाई चिकटतच नसेल, तर ब्रश बदलून उपयोग नाही. जिलेटिनचा थर शिल्लक असलेली फिल्म घ्यावी, कारण तो थर शाई शोषून घेतो. छापील फिल्मवरचे चित्र ब्लीचने उतरवताना हा थरही निघून जातो, हे लक्षात ठेवावे. ब्लीचमध्ये आम्ल किंवा अमोनिया असलेले काहीही कधीही मिसळू नये, हातमोजे घालावेत आणि खिडकी उघडी ठेवावी. ब्रॅकेज यांचे २००३ मध्ये कर्करोगाने निधन झाले, आणि वर्षानुवर्षे वापरलेले डांबरजन्य रंग त्याला कारणीभूत असावेत, असे ते मानत होते. एवढे एक उदाहरण मला पुरेसे आहे.

ओरखड्यातून हवा तो रंग येत नसेल, तर सुईवरचा दाब तपासावा. छापील रंगीत फिल्मच्या काळ्या भागात वरचा थर निघाला की हिरवा दिसतो, आणखी खोल गेल्यावर पिवळा, आणि सगळे इमल्शन, म्हणजे चित्र धरणारा जिलेटिनचा थर, निघाल्यावर पांढरा. ओरखडा इमल्शनच्या बाजूनेच काढायचा असतो. पट्टी तिरकी धरली की जी बाजू मंद, कमी चकचकीत दिसते, ती इमल्शनची.

चित्र पडद्यावर मधोमध कापलेले दिसले, तर फ्रेमची सीमा चुकलेली असते. १६ मिलिमीटर फिल्मला दर फ्रेमला एक छिद्र असल्याने हे सहसा घडत नाही, पण ३५ मिलिमीटरमध्ये एका फ्रेमला चार छिद्रे असतात आणि कोऱ्या पट्टीवर सुरुवात कुठून मोजायची, याची कोणतीही खूण नसते. ती पहिल्याच दिवशी करावी आणि प्रोजेक्टर चालवणाऱ्याला किंवा स्कॅन करणाऱ्याला सांगावी. प्रोजेक्टर आवाज वाचतो त्या कडेच्या ध्वनिपट्ट्यावर सांडलेला रंग खरखर म्हणून ऐकू येतो. तिथे मुद्दाम आवाज काढायचा असेल, तर १६ मिलिमीटरमध्ये आवाजाची खूण चित्राच्या २६ फ्रेम आधी, म्हणजे पट्टीच्या सुरुवातीच्या दिशेने यावी लागते. ती चित्राशेजारीच काढली, तर आवाज सेकंदाहून थोडा अधिक उशिरा येतो.

रंगवलेली मूळ पट्टी प्रोजेक्टरवर पुन्हा पुन्हा चालवू नये. आधी स्कॅन किंवा प्रिंट करून घ्यावी. स्कॅनिंगसाठी देताना धूळ पुसणारी स्वयंचलित सोय बंद ठेवण्यास स्पष्टपणे सांगावे, नाहीतर तिला तुमचे बारीक ठिपके धूळ वाटतील आणि ती ते पुसून टाकेल. छिद्रांवर रंग साचलेला असेल तर तो अलगद काढावा, कारण अनेक स्कॅनर छिद्रांच्या आधारानेच चित्र स्थिर ठेवतात. संपादनात टाइमलाइन २४ फ्रेमचीच ठेवावी. ती ३० ची झाली, तर काही फ्रेम दुप्पट होतात किंवा शेजारच्या दोन एकमेकींत मिसळतात, आणि हाताने बांधलेली लय मोडते. ऑनलाइन प्रतीत चौकोनी डाग दिसले, तर बिटरेट, म्हणजे व्हिडिओच्या दर सेकंदासाठी साठवलेल्या माहितीचे प्रमाण, वाढवावा. व्हिडिओची फाइल लहान करण्याची पद्धत लागोपाठच्या फ्रेममधल्या साम्यावर उभी असते, आणि या कामात ते साम्य फारच थोडे असते.

शेवटी झगमगाटाचे मोजमाप करावे. एक फ्रेम उजळ आणि एक काळी असा क्रम ठेवला, तर सेकंदाला १२ झळा होतात, आणि प्रकाशामुळे फेफरे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी सर्वसाधारण मर्यादा सेकंदाला तीनच झळांची आहे. असा भाग फिल्ममध्ये आवश्यकच असेल, तर तशी सूचना पहिल्या फ्रेमच्या आधी, वाचून बाहेर पडता येईल इतका वेळ पडद्यावर ठेवावी आणि प्रदर्शनाच्या माहितीपत्रकातही छापावी.