मक्याच्या बुरकुंडाचं पेन: तुकडे उडणं कसं थांबवलं

दाणे काढलेल्या मक्याच्या बुरकुंडाला लेथवर (वस्तू गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर) पटाशी लावली की कपचे उडायचे. कारण त्याच्या बांधणीतच आहे: मधला गाभा भुसभुशीत, भोवतीचं कडं लाकडासारखं कडक आणि बाहेर दाण्यांच्या रिकाम्या खळ्या. हत्याराला सलग पृष्ठभाग मिळतच नाही.

उपाय म्हणजे आधी ते खडखडीत वाळवणं. वजन उतरायचं थांबेपर्यंत मी ते कमी आचेच्या ओव्हनमध्ये ठेवलं. मग ७ मिमीचं भोक पाडून पितळी नळी इपॉक्सी गोंदाने बसवली आणि खळ्यांत पातळ सुपरग्लू जिरवला. इथे जरा जपून! सच्छिद्र वस्तूत तो झपाट्याने घट्ट होतो, बुरकुंड चांगलंच तापतं, वाफ डोळ्यांत झोंबते. खिडकी उघडी हवीच, कापसाचा बोळा मात्र नको. कापसावर सुपरग्लू जास्तच तापतो.

नंतर धार लावलेल्या पटाशीने अगदी हलके काप. नवी खळी उघडी पडली की लेथ थांबवायचा, पुन्हा सुपरग्लू. कंटाळवाणं आहे, पण घाई केली की कपचा उडालाच. आता पेनवर षटकोनी जाळीसारखी नक्षी दिसते. बुरकुंडावर रंगीत रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लॅस्टिकसारखं द्रव) ओतूनही हे जमतं, पण मला बिनरंगाचंच आवडतं.