पाळी जाण्याच्या वयात कवळी बसवायची, तर मापाचा दिवस असा निभवा

माझी वरची-खालची पूर्ण कवळी ४८ व्या वर्षी झाली. पाळी तेव्हा सुटायच्या बेतात होती. तीन-तीन महिने यायची नाही, आणि आली की आठ-आठ दिवस थांबायची नाही. त्या वर्षात दोनदा मी दाताच्या दवाखान्यातून खुर्चीवरून उठून घरी आले. तिसऱ्या वेळी जमलं. नंतरच्या नऊ वर्षांत दोन जावा, नणंद, गल्लीतल्या चार-पाच जणी, सगळ्यांना मीच हाताला धरून घेऊन गेले. प्रत्येकीला घरून एकच सल्ला मिळालेला असायचा, ‘घाबरू नको, काही होत नाही.’ या सल्ल्याने एकीचीही भीती गेलेली मी पाहिली नाही. होतं, बरंच काही होतं. काय होतं ते आधी कळलं तरच निभावतं.

पाळी थांबताना अंगातलं इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन कमी होतं. त्याने हाडांची झीज वाढते, हिरडीवरची त्वचा पातळ पडते आणि पुष्कळ जणींच्या तोंडाला कोरड पडते. कवळी हिरडीवर धरून राहते ती लाळेच्या पातळ थरामुळे, ओल्या काचेला दुसरी काच चिकटते तशी. लाळ कमी झाली की पकडही कमी होते. दात काढल्यावर खालचा जबडा वरच्यापेक्षा जास्त झिजतो, म्हणून जिची तिची तक्रार खालच्याच कवळीची असते. ‘शेजारणीची चांगली बसली, माझीच हलते’ म्हणून डॉक्टर बदलत फिरण्याआधी हे ध्यानात घ्या.

जाण्याआधी

चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी किंवा वर्षातून एकदा घ्यायचं इंजेक्शन चालू असेल, तर दात काढायच्या आधी ते सांगायलाच हवं. त्या औषधांवर दात काढला तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. अॅलर्जीच्या, झोपेच्या, मन शांत ठेवायच्या काही गोळ्यांनी तोंड आणखी कोरडं पडतं, तेही सांगा.

मिश्री लावत असाल तर बंद करा, आणि डॉक्टरांपासून ती लपवू नका. आपल्याकडे बाया मिश्रीला तंबाखू समजतच नाहीत, दात घासायची पूड समजतात. ती भाजलेली तंबाखूच आहे. जखम भरू देत नाही, हिरडी खाते आणि कॅन्सरही करते. गालात आतून पांढरा चट्टा असेल, खरखर लागत असेल, किंवा पंधरा दिवसांत न भरलेली जखम असेल, तर कवळीचं राहू द्या, आधी ते दाखवा.

बाजाराच्या दिवशी रस्त्याच्या कडेला बसून हिरडीवर मसाला लावून दात चिकटवून देणारे असतात. त्यांच्याकडे जाऊ नका. ते दात काढून स्वच्छ करता येत नाहीत, आणि खाली हिरडी सडत राहते. पैशांची अडचण असेल तर संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे, लातूरलाही दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारी मुलं-मुली सरांच्या देखरेखीखाली कवळी करतात. चकरा जास्त होतात, पण काम व्यवस्थित होतं.

दात काढणं सोपं आहे. बधिर करतात, तेवढं इंजेक्शन टोचतं. त्यातल्या औषधाने छातीत धडधड होते कधी कधी, आणि ती थोड्या वेळात थांबते. पहिले चोवीस तास जोरात चूळ भरू नका. मग हिरडी भरायला दीड-दोन महिने, कधी तीन महिने थांबा. घरात लग्न निघालं म्हणून घाई केलेली कवळी हिरडी आकसल्यावर सैल होते, आणि आतून पुन्हा भरून घ्यावी लागते.

मापाचा दिवस

मी अडकले ती इथे. मे महिना होता, परभणीचं ऊन, त्यात लाइट गेलेली. डॉक्टरांनी माप घ्यायच्या मसाल्याची तपकिरी वडी गरम पाण्यात मऊ केली, जबड्याच्या आकाराच्या ट्रेवर थापली आणि टाळूला दाबली. ती घशाकडे सरकतेय असं वाटलं, उमासा आला. त्याच क्षणी छातीतून निघालेली वाफ मानेवर, कानांत, डोक्यात चढली. पाठीवरून घामाची धार लागली. आपण आता मरतो असं वाटून मी डॉक्टरांचा हात झटकला, ट्रे ओढून काढला आणि पदराने तोंड दाबून बाहेर आले. मसाल्याचा एक तुकडा ब्लाउजला चिकटून वाळला होता. रात्री तो नखाने खरवडत बसले आणि पुन्हा जायचं नाही असं ठरवलं.

त्या दिवशी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र आल्या होत्या, हे मला फार उशिरा उमगलं. एक भीती, दुसरी वाफ. पाळी जाताना वाफ भाकरी थापतानाही येते, देवळात बसल्यावरही येते, दोन-चार मिनिटं राहते आणि ओसरते. तिचा दाताशी काही संबंध नसतो. पण खुर्चीत आली की बाईला वाटतं दातामुळेच झालं, मग ती घाबरते, घाबरली की धडधड वाढते आणि घसा आवळतो. दोन्ही गोष्टी वेगळ्या ओळखता आल्या की अर्धं काम झालं. माझी खूण हातांची आहे. भीतीने हात गार पडतात आणि पोटात खड्डा पडतो, तेही दवाखान्याच्या दारातच. वाफ छातीतून वर चढते, मान आणि चेहरा तापतो. खुर्चीत बसल्यावर स्वतःचा हात स्वतःच्या मानेला लावून बघा. छातीत दुखत असेल, कळ हातात किंवा जबड्यात जात असेल, तर ती ना भीती ना वाफ, लगेच डॉक्टरांना सांगा.

वाफ असेल तर काही करायचं नाही, ट्रे तोंडात घेण्याआधी ती जाऊ द्यायची. भीती असेल तर बोलायचं. आणि हे बोलणं खुर्ची मागे झुकण्याआधी झालं पाहिजे, कारण नंतर तोंड उघडं असतं आणि शब्द फुटत नाहीत. मी प्रत्येकीकडून हे वाक्य घरी पाठ करून घेते: ‘डॉक्टर, माझी पाळी जायची वेळ आहे, मला मधेच गरम वाफ येते. मी डावा हात वर केला की थांबा.’ पुरुष डॉक्टरांसमोर पाळीचं नाव काढायला लाज वाटते, विशेषतः खेड्यातून आलेल्या बायांना. काढा नाव. डॉक्टर हे शिकलेले असतात, आणि त्यांना कळलं नाही तर तुम्ही नाटक करताय असं वाटून ते घाई करतात.

आठ दिवस आधीपासून दोन कामं करा. वाफ कोणत्या वेळी येते ते कॅलेंडरवर लिहा. माझ्या धाकट्या जावेला रोज दुपारी चहानंतर यायची, म्हणून तिचा नंबर सकाळी पहिला लावला. दुसरं, रोज ब्रश करताना ब्रशची पाठ जिभेवर ठेवा, आधी पुढे, मग रोज थोडी मागे, उमासा येईल तिथे थांबून नाकाने श्वास घ्या. आठ दिवसांत जीभ पुष्कळ सोसायला शिकते. हे कुणी सांगत नाही, आणि सगळ्यांत जास्त उपयोग याचाच होतो.

त्या दिवशी उपास नको. आमच्याकडच्या बायका गुरुवार, चतुर्थी, एकादशी धरून दवाखान्यात जातात आणि मग चक्कर आली म्हणतात. दीड-दोन तास आधी नेहमीचं खा, शुगरची गोळी असेल तर ती वेळेवर घ्या, निघताना गरम चहा घेऊ नका. सुती साडी, सैल ब्लाउज. ओला रुमाल डब्यात घालून न्या आणि मानेवर ठेवा.

खुर्चीत गेल्यावर डॉक्टरांना तीन गोष्टींची विनंती करा. खुर्ची सरळ ठेवा, खालचं माप आधी घ्या, आणि वरच्या ट्रेत मागच्या बाजूला मसाला कमी घाला. खालच्या मापाला उमासे कमी येतात, एक माप पार पडलं की धीर येतो. काही डॉक्टर जिभेच्या शेंड्यावर चिमूटभर मीठ ठेवतात, तेही कामाला येतं. ट्रे आत गेला की हनुवटी छातीकडे झुकवा म्हणजे लाळ घशात न जाता पुढे येते, ती रुमालात पडू द्या. श्वास नाकाने. डोळे उघडे ठेवा, मिटू नका. मिटले की सगळं लक्ष घशात जातं.

मोठ्या जाऊबाईंच्या वेळी मी पायाशी उभी होते. वरचा ट्रे गेला आणि त्यांचे डोळे विस्फारले, हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाले. मी घोट्याला हात लावून म्हटलं, ‘अक्का, उजवा पाय उचला. टाच खाली नाही टेकवायची. बोटांच्या पेरांवर नाव घ्या.’ त्यांनी पाय उचलला, थरथरत अधांतरी धरला, आणि अंगठा एकेका पेरावरून सरकत गेला. तिसऱ्या बोटावर असतानाच डॉक्टर म्हणाले, ‘झालं काकू.’ मसाला घट्ट व्हायला दोन-तीन मिनिटं लागतात, त्याहून जास्त नाही. पाय उचलून धरला की मन तिकडे गुंतून राहतं, उमासा मागे पडतो.

काही दिवसांनी दुसरं, बारीक माप घेतात. त्याची पेस्ट बहुधा लवंगेच्या तेलाच्या वासाची असते, आणि कोरड्या तोंडाला ती झोंबते, चिकटते. आधी पाण्याने चूळ भरा, ओठांना व्हॅसलीन लावून घ्या. तोंड फारच कोरडं असेल तर सिलिकॉनचं माप घेता येईल का विचारा, थोडं महाग पडतं पण आग होत नाही.

शेजारणीची झोपेची गोळी घेऊन मापाला जाऊ नका. अर्धवट गुंगीत माप नीट येत नाही, आणि बीपीच्या गोळ्यांवर ती भारी पडू शकते. फारच भीती असेल तर तुमचे डॉक्टर स्वतः गोळी लिहून देतील. आणि सोबत कोण न्यायचं ते नीट ठरवा. ‘एवढं काय लेकरासारखं करतेस’ म्हणणारी व्यक्ती बाहेरच बसू द्या, मग ती नवरा असो की सासू.

मेणातली ट्रायल आणि पहिला महिना

ट्रायलला मेणावर दात लावून दाखवतात. खिडकीजवळ उजेडात बघा, ‘साठ, पासष्ट, सत्तर’ मोठ्याने म्हणा, फार पांढरे दात मागू नका. बदल करायचा असेल तर इथेच सांगा, नंतर होत नाही.

कवळी आली की पहिले काही दिवस तोंडात लाळ सुटते, शब्द बोबडे होतात. रोज पेपर मोठ्याने वाचा. वरण-फळं, मऊ खिचडी, भाकरी वरणात किंवा दुधात कुस्करून, एवढ्यावर पंधरा दिवस काढा. घास लहान, आणि दोन्ही बाजूंनी एकदम चावायचं, नाहीतर कवळी एका बाजूने उचलते. हुरडा, तीळ, शेंगदाण्याचा जाड कूट सध्या नको, एक कण खाली गेला की डोळ्यांत पाणी येतं. पेरू, ऊस पुढच्या दातांनी तोडायचा विचार कायमचा सोडा.

टोचतं तिथे घरी ब्लेडने, कानशीने घासू नका. माझ्या नणंदेच्या मालकांनी पॉलिशपेपरने घासून चांगली कवळी सैल करून ठेवली. टोचत असेल तर दवाखान्यात जा, आणि जाण्याआधी सकाळपासून कवळी घालून ठेवा. दुखतं म्हणून दोन दिवस काढून ठेवली की लाल खूण जाते आणि डॉक्टरांना कुठे घासायचं ते कळत नाही.

कोरड असेल तर कवळी पाण्यात बुडवून ओलीच घाला, दिवसभर घोट-घोट पाणी प्या, उन्हाळ्यात बाटली हातातच ठेवा. कृत्रिम लाळेचा स्प्रे किंवा जेल मेडिकलमध्ये मिळतं. चिकटवायची पेस्ट वाटाण्याएवढ्या दोन-तीन ठिपक्यांपेक्षा जास्त लागत असेल, तर कवळीच सैल आहे, पेस्ट वाढवू नका.

कवळी काढून ठेवल्यावरही जीभ मिरची लागल्यासारखी जळत असेल, तर दोष बहुधा कवळीचा नाही. या वयात असं जळणं येतं. बी१२ किंवा लोह कमी असणं, शुगर, तोंडातली बुरशी अशी कारणंही असतात, आणि रक्त तपासल्यावर, तोंड दाखवल्यावर ती कळतात. माझ्या एका मैत्रिणीने तीन कवळ्या बदलल्या, आणि शेवटी बी१२ च्या इंजेक्शनांनी तिची आग थांबली.

रात्री कवळी काढा. साबण आणि मऊ ब्रशने धुवा, टूथपेस्टने नाही, तिने चरे पडतात. धुताना खाली पाण्याने भरलेलं घमेलं ठेवा, म्हणजे हातातून निसटली तरी फुटत नाही. रात्रभर साध्या पाण्यात ठेवा. उकळतं पाणी टाकू नका, कवळी वाकते. हिरडीवरून ओल्या कपड्याने बोट फिरवा.

वर्षातून एकदा दाखवून या. सैल झाली तर बहुतेक वेळा आतून भरून मिळते, नवी करावी लागत नाही. माझी नवी सहाव्या वर्षी केली. जुनी फेकली नाही, झाकणाच्या डब्यात पाण्यात ठेवली आहे. मागच्या दिवाळीत नवीचा दात निघाला आणि दुरुस्तीला तीन दिवस गेले, तेव्हा तीच घालून पाहुण्यांना वाढलं.