पांढरा दीपस्तंभ, काळे देऊळ : नव्या हौशी छायाचित्रकारांसाठी

छायाचित्रणाची हौस नव्याने लागलेला माणूस भेटला की त्याचा पहिला प्रश्न कॅमेऱ्याविषयी असतो, दुसरा लेन्सविषयी, आणि प्रकाशाविषयीचा प्रश्न आलाच तर फार उशिरा येतो. मी फोंड्यात नोकरी करणारा आणि सुटीच्या दिवशी कॅमेरा गळ्यात अडकवून हिंडणारा हौशी माणूस आहे; या कलेचे रीतसर शिक्षण मी घेतलेले नाही. जे काही उमगले ते थोरांची छायाचित्रे पुनःपुन्हा पाहून, आणि मग त्यांतले एखादे तंत्र गोव्यातल्याच एखाद्या जागी करून पाहिल्याने उमगले. आधी दुसऱ्याचे चित्र नीट पाहायचे आणि मगच कॅमेऱ्याच्या बटणांकडे वळायचे, हा क्रम मला आजही सर्वांत कमी खर्चाचा आणि पक्का वाटतो, म्हणून त्याच क्रमाने लिहितो.

कोणतेही छायाचित्र समोर आले की मी तीन गोष्टी शोधतो: प्रकाश कुठून येतो आहे, छायाचित्रकार कुठे उभा आहे, आणि नेमका हाच क्षण त्याने का टिपला असावा. प्रकाशाची दिशा सावल्या सांगतात. माणसाचे चित्र असेल तर डोळ्यांतला चकाकता ठिपका पाहावा, तो चौकोनी असला तर बहुधा खिडकी किंवा स्टुडिओतला सॉफ्टबॉक्स (दिव्याचा उजेड मऊ करणारी पेटी), आणि बारीक व टोकदार असला तर सूर्य किंवा उघडा दिवा. कॅमेऱ्याची उंची ओळखायलाही सोपी युक्ती आहे. सपाट जागेवर, विशेषतः किनाऱ्यावर, उभ्या माणसाच्या ज्या भागावरून क्षितिजरेषा जाते साधारण त्याच उंचीवर कॅमेरा धरलेला असतो. कमरेवरून रेषा गेली असेल तर छायाचित्रकार बसला होता किंवा वाकला होता, असे खुशाल समजावे. तिसऱ्या प्रश्नाला ठाम उत्तर नसते, पण तो विचारल्यावाचून चित्रात शिरता येत नाही.

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी १९३२ मध्ये फ्रान्समधल्या इएर गावी टिपलेला सायकलस्वार या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. वरून दिसणाऱ्या वळणदार पायऱ्या, त्यांचा लोखंडी कठडा, खालच्या रस्त्याची कड, आणि त्या सगळ्या वळणांच्या टोकाशी किंचित पुसट झालेला सायकलस्वार. पायऱ्या स्पष्ट आणि माणूस पुसट, याचा अर्थ शटर (प्रकाश आत सोडणारा पडदा) फार वेगवान नव्हते. चित्राचा सांगाडा पायऱ्यांनीच उभा केलेला आहे आणि सायकलस्वार त्यात नेमक्या रिकाम्या जागी आला आहे, हे ध्यानात आले की नवख्याची अर्धी धावपळ थांबते, कारण माणसांच्या मागे पळण्यापेक्षा चांगली जागा हेरून तिथे थांबणे त्याला सुचू लागते.

हा अभ्यास करायला पणजीच्या चर्चच्या नागमोडी पांढऱ्या पायऱ्यांसारखी जागा नाही. समोरच्या बाजूला उभे राहावे, पायऱ्यांची दोन वळणे चौकटीत घ्यावीत आणि माणूस कुठे आला की बटण दाबायचे ते आधीच ठरवून ठेवावे. फोकसही आधीच बांधून ठेवता येतो. एपीएस-सी या लहान आकाराच्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स, एफ/८ चे अ‍ॅपर्चर (लेन्समधले प्रकाश येण्याचे छिद्र) आणि पाच मीटरवर फोकस ठेवला, तर साधारण तीन मीटरपासून चौदा मीटरपर्यंतचे सगळे पुरेसे स्पष्ट येते आणि ऑटोफोकसची वाट पाहावी लागत नाही. अशा कॅमेऱ्यावर ३५ मिलिमीटरची लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ५० मिलिमीटरइतकेच जवळजवळ दृश्य दाखवते, आणि कार्तिए-ब्रेसाँ यांचे बहुतेक काम ५० मिलिमीटरवरच झाले आहे. सुरुवातीला झूम विकत घेऊ नये असे मी सांगतो त्याचे कारण हेच: एकच लेन्स असली की पाय हलवावे लागतात, आणि उभे कुठे राहायचे हे पाय हलवल्याखेरीज कळत नाही.

आता एक्स्पोजर, म्हणजे चित्रात किती प्रकाश घ्यायचा ते. इथे पुस्तकी व्याख्या पाठ करण्यापेक्षा मंगेशी आणि तांबडी सुर्ला इथल्या गोव्यातल्या दोन देवळांना जाऊन यावे. मंगेशीचा सात मजली पांढरा दीपस्तंभ जवळून, चौकट भरून टिपला की कॅमेऱ्यावर सोडलेल्या मोजमापात तो पांढरा न येता मळकट राखाडी येतो. तांबडी सुर्ल्याचे कदंबकालीन महादेवाचे देऊळ काळ्या बेसाल्टचे. तेच कॅमेऱ्यावर सोडले तर धुरकट, फिकट उमटते आणि दगडाचा सगळा भारदस्तपणा निघून जातो. दोन्हींचे कारण एकच आहे. समोर जे आहे ते मध्यम राखाडी, म्हणजे पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के प्रकाश परत पाठवणारे आहे, असे कॅमेऱ्यातला मीटर धरून चालतो. पांढऱ्यावर जास्त प्रकाश पाहून तो आवरते घेतो, काळ्यावर कमी पाहून हात सैल सोडतो. म्हणून मंगेशीला एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या मोजमापात आपण केलेला फेरफार) एक स्टॉप वर, म्हणजे प्रकाश दुप्पट, आणि तांबडी सुर्ल्याला एक स्टॉप खाली, म्हणजे निम्मा, न्यावे, मग हिस्टोग्राम (चित्रातला उजेड-काळोख दाखवणारा आलेख) पाहून थोडे इकडे तिकडे करावे. तांबडी सुर्ल्याचे देऊळ पूर्वाभिमुख आहे आणि पूर्वेलाच सह्याद्रीची भिंत आहे, त्यामुळे ऊन तिथे जरा उशिरा उतरते. पण उतरल्यावर तिरक्या उन्हात कोरीव कामाचा उठाव जसा दिसतो तसा दुपारनंतर दिसत नाही.

हेच गणित अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी फ्रेड आर्चर यांच्यासह १९४० च्या सुमारास पद्धतशीर मांडले आणि त्याला झोन सिस्टिम असे नाव मिळाले. गडद काळ्यापासून कोऱ्या पांढऱ्यापर्यंत शून्य ते दहा अशा अकरा पायऱ्या, मधली पाचवी म्हणजे मध्यम राखाडी, आणि पोत दिसायला हवा असा पांढरा साधारण सातव्या पायरीवर, पोत दिसायला हवा असा काळा तिसऱ्यावर. स्पॉट मीटरने (लहानशा ठिपक्यापुरता प्रकाश मोजणाऱ्या मीटरने) थेट दीपस्तंभाच्या पांढऱ्या चुन्यावर मोजणी घेतली तर तिथून दोन स्टॉप वर जावे लागते ते यामुळे. अ‍ॅडम्स यांची कृष्णधवल निसर्गचित्रे पाहताना नवख्याचे लक्ष डोंगरांकडे जाते, पण पाहायचे असते ते सावल्यांत: इतक्या काळोखातही दगडाचा कण दिसतो आहे की नाही. शिवाय हेही ध्यानात येते की ते डार्करूममध्ये एकाच निगेटिव्हचे वेगवेगळ्या काळी वेगवेगळे प्रिंट काढत. संगणकावर चित्रावर संस्कार करणे म्हणजे लबाडी, असे मानणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. फक्त हा दाखला देतो.

रंगांच्या बाबतीत मात्र माझे गुरू रघुबीर सिंह. १९४२ ते १९९९ हा त्यांचा जीवनकाळ. गंभीर छायाचित्रण म्हणजे कृष्णधवल, असा समज जगभर पक्का असताना त्यांनी रंगीत स्लाइड फिल्मवर भारत टिपला. अँबेसेडर गाडीतून, गाडीचा दरवाजा, काच आणि आरसा यांनाच चौकट करून त्यांनी केलेली चित्रमालिका तर प्रत्येक नवोदिताने पाहावी, कारण एका चित्रात तीन-चार वेगवेगळी दृश्ये एकमेकांना धक्का न लावता कशी नांदू शकतात हे तीत दिसते. आपल्याकडे ही सोय कदंबच्या (गोव्याच्या सरकारी) बसने आणि फेरीबोटीने केलेली आहे. रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीत दुचाक्यांचे आरसे, हेल्मेटे, माशांच्या टोपल्या, कठड्याला टेकलेली शाळकरी मुले आणि मागे मांडवी, एवढे सगळे एका चौकटीत असते. त्यातला एखादाच रंग, समजा एखादी लाल टोपली, चित्राचा धनी ठरवावा आणि बाकीचे रंग त्याला मान देतील असे उभे राहावे. सगळेच रंग भडक असले की चित्र जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानासारखे होते आणि नजर कुठेच थांबत नाही.

पणजीतील फोन्तेन्हासच्या निळ्या-पिवळ्या भिंतींचे फोटो मी इथे मुद्दाम सुचवत नाही. ती माणसांची राहती घरे आहेत, दारात पोज देणाऱ्यांच्या गर्दीने तिथले रहिवासी वैतागले आहेत आणि काहींनी तशा पाट्याही लावल्या आहेत.

जुन्या गोमंतकीय घरांतली शिंपल्यांच्या तावदानांची खिडकी, हा व्यक्तिचित्रणाचा माझा सर्वांत आवडता धडा आहे. काच महाग आणि दुर्मीळ होती त्या काळात पातळ, चपट्या शिंपल्यांचे चौकोनी तुकडे लाकडी पट्ट्यांत बसवून ही तावदाने करीत. त्यांतून बाहेरचे दिसत नाही, पण उजेड गाळून आत येतो. स्टुडिओत हजारो रुपयांचे सॉफ्टबॉक्स जे काम करतात ते ही खिडकी फुकट करते. एका परिचिताच्या घरी त्याच्या वृद्ध मावशीचे चित्र मी अशा खिडकीशी टिपले. मावशींना खिडकीपासून हातभर अंतरावर, चेहरा थोडा उजेडाकडे वळवून बसवले. आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) ८००, एफ/२.८, शटर १/१२५ सेकंद. गालाची एक बाजू दुधाळ उजळली, दुसरी काळोखात जाऊ लागली, तेव्हा त्या बाजूला वर्तमानपत्राचे पान उघडून धरायला परिचिताला सांगितले आणि सावली जरा हलकी झाली. “इतको उजवाड पुरो रे?” म्हणून त्या विचारीत होत्या, पुरे होता. खिडकीच्या जवळ बसवले की सावल्यांच्या कडा मऊ होतात आणि उजेड मागच्या भिंतीपर्यंत पोचता पोचता झपाट्याने ओसरतो, त्यामुळे पार्श्वभूमी आपोआप गडद होते. खिडकीपासून दूर नेले तर भिंतही चेहऱ्याइतकीच उजळू लागते. एकच माणूस, एकच खिडकी, आणि खुर्ची दोन पावले सरकवून होणारा हा फरक प्रत्येकाने स्वतः करून पाहावा.

शिगमोत्सवाच्या मिरवणुकीत याच्या उलट परिस्थिती असते: उजेड मिश्र, माणसे हलती, वेळ संध्याकाळची. तिथे शटरच्या वेगाचा विचार शैली म्हणून करावा. रोमटामेळातला (ढोल-ताशांच्या मिरवणुकीतला) ढोल वाजवणाऱ्याचा उचललेला हात गोठवायचा तर १/२५० किंवा त्याहून वेगवान शटर आणि त्यासाठी चढा आयएसओ घ्यावा लागेल. घोडेमोडणीतली (कमरेला घोड्याची प्रतिकृती बांधून केलेल्या नाचातली) उसळी दाखवायची तर १/१५ पर्यंत खाली येऊन, नर्तक आपल्यासमोरून आडवा जात असताना त्याच्या गतीने कॅमेरा फिरवावा, म्हणजे चेहरा बऱ्यापैकी स्पष्ट आणि मागची रोषणाई रेषारेषांची येते. बहुतेक प्रयत्न वाया जातात, त्याचे वाईट वाटून घेऊ नये. अशा वेळी फाइल रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने संस्कार न केलेली, ठेवावी, कारण रस्त्यावरचे दिवे एका रंगाचे आणि चित्ररथाचे दिवे दुसऱ्या रंगाचे असतात आणि व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा तोल, घरी बसून सुधारावा लागतो. धबधब्याचे पाणी मंद शटरने कापसासारखे करण्याची पद्धत मात्र आता इतकी सरावाची झाली आहे की ती एकदा शिकून सोडून द्यावी, असे माझे मत आहे.

पावसाळ्यात कॅमेरा कपाटात ठेवणारे फार मोठी संधी गमावतात आणि लेन्सही गमावतात. ढगाळ आकाश सावल्या पुसून टाकते, भातशेतीचा हिरवा रंग उठून दिसतो; आकाश पांढरेफटक असल्याने ते चौकटीबाहेर ठेवावे, आणि ओल्या पानांवरची चकाकी कमी करायला पोलरायझर हा फिल्टर लावावा, मात्र तो एक ते दोन स्टॉप प्रकाश खातो हे विसरू नये. गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि बंद, अंधाऱ्या, दमट कपाटात भिंगांवर बुरशी चढायला तेवढे पुरते. ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर ठेवावा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान असावा. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येतात. वातानुकूलित गाडीतून उतरल्यावर कॅमेरा अर्धा तास पिशवीतच राहू द्यावा, नाहीतर भिंगावर दव धरते.

भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या होमाय व्यारावाला (१९१३ ते २०१२) ज्या रोलिफ्लेक्स कॅमेऱ्यावर काम करीत, त्यात एका रोलवर बाराच चित्रे येत. नव्या माणसाने महिन्यातून एखादी संध्याकाळ या मर्यादेत घालवावी: बाराच फ्रेम, पडद्यावर पाहणे बंद, पुसणे बंद. घरी आल्यावर प्रत्येक चित्राला वरचे तीन प्रश्न विचारावेत.

ज्यांना हौसेपलीकडे जायचे आहे त्यांच्यासाठी थोडे. पणजीतील आल्तिनो टेकडीवरील गोवा कला महाविद्यालय, मुंबईचे सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय आणि छायाचित्रणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम चालवणारी राष्ट्रीय डिझाइन संस्था हे रीतसर मार्ग आहेत. माझ्या ओळखीत ज्यांचे पोट यावर चालते त्यांतले बहुतेक लग्ने, हॉटेले आणि खाद्यपदार्थ यांची कामे करतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांनी सुरुवात लग्नात दुसऱ्या छायाचित्रकाराचे सहायक म्हणून केली. ते काम पत्करताना एक गोष्ट माहीत असावी: १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे, कोणी मोबदला देऊन छायाचित्र काढून घेतले आणि वेगळा करार केला नसेल, तर त्याचा पहिला हक्कदार काढून घेणारा असतो, काढणारा नव्हे. तेव्हा मोबदल्याबरोबरच, त्यातली किती चित्रे स्वतःच्या संग्रहात दाखवता येतील हेही आधीच लेखी ठरवून घ्यावे.