तीन लिप्यांचा संगणक: विंडोज, मॅक आणि लिनक्स यांची पारख कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात संगणकाकडून जे काम घेतले जाते, ते पुण्या-मुंबईच्या घरांतील कामापेक्षा एका बाबतीत वेगळे आहे. पतसंस्थेचे इतिवृत्त मराठीत लिहायचे, तालुका कार्यालयात द्यायचा अर्ज कन्नडमध्ये करायचा, हिशेब इंग्रजीत ठेवायचा आणि मराठी शाळेत जाणाऱ्या मुलाचा कन्नड विषयाचा गृहपाठही त्याच यंत्रावर उरकायचा, असा हा तीन लिप्यांचा व्यवहार आहे. दुकानात होणारी तुलना प्रोसेसर, मेमरी आणि किंमत यांपाशी संपते. या तीन लिप्यांचे काय होणार, हे तेथे कोणी सांगत नाही. म्हणून विंडोज, मॅक आणि लिनक्स या संगणक चालवणाऱ्या प्रणालींतून (ऑपरेटिंग सिस्टिम) निवड करताना आपली कागदपत्रे आणि आपले लेखन यांपासून सुरुवात करावी आणि यंत्राकडे सर्वांत शेवटी वळावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

कामांची यादी

एका कागदावर गेल्या वर्षभरात संगणकावर केलेली कामे लिहून काढावीत आणि प्रत्येकासमोर ते कोणत्या प्रोग्रॅममध्ये केले, ते नोंदवावे. ज्या कामांसमोर केवळ ब्राउझरचे नाव येईल, ती कामे निवडीच्या दृष्टीने बाजूला ठेवता येतात. भूमी संकेतस्थळावरून जमिनीचा उतारा पाहणे, सेवासिंधूवर अर्ज भरणे, बँकेचे व्यवहार, ईमेल, गूगल डॉक्समध्ये बोलून मराठी वा कन्नड मजकूर उतरवणे ही कामे क्रोम ब्राउझर असलेल्या कोणत्याही प्रणालीवर सारखीच होतात.

उरलेली नावे मात्र निर्णायक ठरतात. टॅली प्राईम हा हिशेबाचा प्रोग्रॅम विंडोजसाठी आहे. सॉलिडवर्क्स आणि मास्टरकॅम हे यंत्रभागांच्या आराखड्यांचे व कातकामाचे प्रोग्रॅमही विंडोजवरच चालतात; त्यामुळे उद्यमबागेतील फाउंड्री वा मशीन शॉपमध्ये आराखडे करणाऱ्याला, किंवा तशा नोकरीची तयारी करणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला, येथे फारसा विचार करावा लागत नाही. जीएसटी विवरणपत्रांसाठी डिजिटल स्वाक्षरीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्या टोकनाचा ड्रायव्हर (उपकरण प्रणालीशी जोडणारा प्रोग्रॅम) कोणत्या प्रणालीसाठी मिळतो, हे आधी पाहावे. काही टोकनांना मॅक आणि लिनक्सचाही ड्रायव्हर असतो, पण विंडोजवर ते बसवणे सर्वांत सोपे जाते. याउलट प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्या मुलांना लिनक्सचा लाभ अधिक आहे, कारण इंटरनेटवरील बहुसंख्य सर्व्हर त्याच प्रणालीवर चालतात. यादीत असा विंडोजशी बांधलेला एकही प्रोग्रॅम नसेल, तर तिन्ही वाटा मोकळ्या आहेत.

जुन्या फाईलींची परीक्षा

पुष्कळांची प्रणाली बदलण्याची योजना याच ठिकाणी अडते, आणि त्याचे खापर मात्र नव्या प्रणालीवर फोडले जाते. श्रीलिपी, कृतिदेव किंवा आयएसएमच्या फाँटमध्ये टंकलेल्या जुन्या फाईलींत मराठी अक्षरे खऱ्या अर्थाने नसतातच. त्या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या असतात. फाँट काढून घेतला, की खाली रोमन अक्षरे आणि चिन्हे यांचा अर्थहीन गोंधळ उरतो. कन्नड टंकलेखनाच्या नुडी आणि बरह या प्रोग्रॅमच्या जुन्या फाँटचीही गत तीच. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत मात्र प्रत्येक अक्षराला स्वतःचा संकेतांक असतो आणि देवनागरी व कन्नड यांचे विभाग स्वतंत्र असतात. त्यामुळे युनिकोडमधील मजकूर तिन्ही प्रणालींवर, मोबाईलवर आणि शोधयंत्रातही मराठी म्हणून ओळखला जातो.

एखाद्या फाईलीत काय आहे, हे ओळखण्याचा उपाय सोपा आहे. तिच्यातील एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये चिकटवावा. मराठी दिसली तर ती फाईल युनिकोडची. रोमन चिन्हे दिसली तर ती जुन्या फाँटची. अशा फाईलींचे रूपांतर जुने यंत्र चालू असतानाच करून घ्यावे, कारण मूळ मजकूर नीट दाखवणारा फाँट त्याच यंत्रावर आहे आणि रूपांतरित मजकुराशी तो ताडून पाहावा लागतो. रूपांतर करणारे प्रोग्रॅम बहुतेक अक्षरे बरोबर बदलतात, परंतु रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि ‘दुसऱ्या’, ‘कऱ्हाड’ यांसारख्या शब्दांतील र यांत चुका राहतात. संस्थेच्या ठरावांत आणि खरेदीपत्रांच्या मसुद्यांत आडनावे व आकडे हाताने तपासावेत. हे काम कंटाळवाणे आहे, तरीही ते पुढे ढकलू नये. नवी प्रणाली कोणतीही घेतली तरी ते करावेच लागते आणि एकदा झाले, की पुन्हा कधी करावे लागत नाही.

कीबोर्डची परीक्षा

वाचनाची सोय आता तिन्हीकडे उत्तम आहे. विंडोजमध्ये निर्मला, मॅकमध्ये कोहिनूर देवनागरी आणि लिनक्समध्ये बहुधा नोटो वा लोहित हे फाँट आयते मिळतात, आणि कन्नडचेही फाँट सोबत असतात. खरा भेद टंकलेखनात जाणवतो.

भारतीय मानक ब्युरोने १९९१ मध्ये मान्य केलेला इन्स्क्रिप्ट हा कीबोर्डचा आराखडा तिन्ही प्रणालींत उपलब्ध आहे. सीमाभागातील माणसाने तो शिकावा असे मला मनापासून वाटते, कारण तो सर्व भारतीय लिप्यांना एकाच क्रमाने लागू होतो. मराठीचा क ज्या कळीवर आहे, त्याच कळीवर कन्नडचा क आहे. ळ, त, म, काना, वेलांटी यांचेही तसेच. कन्नडमधील ऱ्हस्व ए आणि ऱ्हस्व ओ यांच्या कळा तेवढ्या नव्याने लक्षात ठेवाव्या लागतात. म्हणजे बोटांना एकदा वळण लागले, की भाषा बदलण्याची कळ दाबून तोच माणूस दोन्ही लिप्यांत लिहू शकतो. मराठीच्या घरात वाढलेल्या आणि कन्नड वाचता येऊनही ती टंकता न येणाऱ्या तरुणांना याहून जवळची वाट नाही.

ज्यांना उच्चारानुसार रोमन कळांवरून लिहिण्याची सवय आहे, त्यांच्यासाठी विंडोजने २०१९ पासून मराठी आणि कन्नड या दोन्हींचे फोनेटिक कीबोर्ड दिले आहेत. सेटिंग्जमध्ये भाषा जोडून ते निवडावे लागतात. लिनक्समध्ये आयबस आणि एम१७एन या टंकलेखनाच्या साधनांच्या साहाय्याने असेच पर्याय मिळतात.

पण एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक आहे. कर्नाटकातील कार्यालयांत आणि संगणक वर्गांत नुडीचा जो कीबोर्ड शिकवला जातो, तो कन्नड गणक परिषदेच्या नावावरून ‘कागप’ म्हणून ओळखला जातो, आणि लिनक्सच्या कीबोर्डयादीत भारत या विभागाखाली कन्नडसोबत मराठीचाही कागप आराखडा दिलेला आहे. जोडाक्षरासाठी एफची कळ वापरण्याची सवय झालेल्या लिपिकाला, त्याच बोटांनी, काहीही नवे न शिकता मराठी लिहिता येते. नुडीवर हात बसलेल्यांसाठी लिनक्सच्या बाजूने हे मोठे कारण आहे.

कोणतीही प्रणाली तपासताना तिच्यावर स्वतः पाच-सहा ओळी टंकून पाहाव्यात. मराठीत ‘दऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘श्रद्धा’, ‘ज्ञानेश्वर’, ‘ॲप’, ‘ऑफिस’ हे शब्द घ्यावेत. कन्नडमध्ये एखादे ओत्तक्षर (खाली जोडून लिहिले जाणारे व्यंजन) आणि अक्षराच्या नंतर लिहिला जाणारा रफार घ्यावा. मग ती फाईल पीडीएफ करून छापावी. पडद्यावर नीट दिसणारा मजकूर कागदावर तुटत असेल, तर दोष बहुधा फाँटचा असतो आणि फाँट बदलून तो जातो.

यंत्र

आता यंत्राकडे वळता येईल. आयबीएमने १९८१ मध्ये आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात सहज मिळणाऱ्या सुट्या भागांतून उभा केला, म्हणून इतरांना तसेच यंत्र बनवता आले आणि मायक्रोसॉफ्टची प्रणाली सर्वांवर चालली. ॲपलने १९८४ च्या मॅकिंटॉशपासून यंत्र आणि प्रणाली दोन्ही आपल्याच हाती ठेवली. लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेले लिनक्स फुकट आणि खुले आहे, व ते मुख्यतः आयबीएमच्या वंशातील यंत्रांवर बसवले जाते. दुरुस्ती, सुटे भाग आणि आयुष्य यांतील आजचे फरक या जुन्या निर्णयांतूनच आले आहेत.

घरी आधीच संगणक असेल, तर आजचा पहिला प्रश्न विंडोज १० चा आहे. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत केवळ सुरक्षेचे अद्यतन मिळते. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), किमान ४ जीबी मेमरी, ६४ जीबी साठवण आणि मान्य यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी साधारणपणे आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टचा पीसी हेल्थ चेक हा छोटा प्रोग्रॅम आपले यंत्र पात्र आहे की नाही, ते लगेच सांगतो. ते अपात्र ठरले आणि कामांच्या यादीत विंडोजशी बांधलेले काही नसेल, तर ते भंगारात देण्याआधी त्यावर लिनक्स मिंट बसवून पाहावे. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत आधार आहे आणि तिची मांडणी विंडोजच्या सवयीला जवळची आहे. यंत्रात अजूनही फिरती हार्ड डिस्क असेल, तर ती काढून एसएसडी (न फिरणारी, जलद साठवण) घालावी. संथ यंत्राला प्रणाली बदलण्यापेक्षाही या एका बदलाने अधिक वेग येतो.

मॅकची बाजू वेगळी आहे. २०२० च्या अखेरीस आलेल्या एम१ पासूनचे मॅक थोड्या विजेत पुष्कळ काम करतात आणि बॅटरीवर दीर्घकाळ चालतात. जांबोटी-कणकुंबीकडे पावसाळ्यात वीज जाते तेव्हा हा गुण उपयोगी पडतो, आणि डेस्कटॉपला मात्र यूपीएस जोडावाच लागतो. पण या मॅकमधील मेमरी नंतर वाढवता येत नाही, त्यामुळे खरेदीच्या वेळीच पुरेशी घ्यावी लागते. इंटेल प्रोसेसरचे जुने मॅक स्वस्तात मिळत असले तरी ते घेऊ नयेत. २०२५ मध्ये आलेली मॅकओएस टाहो ही त्यांच्यासाठीची शेवटची आवृत्ती आहे. मॅक घेण्यापूर्वी अधिकृत दुरुस्ती केंद्र आपल्या गावापासून किती दूर आहे, हे विचारून घ्यावे. साध्या पीसीचा पॉवर सप्लाय वा कीबोर्ड तालुक्याच्या गावातही बदलून मिळतो.

प्रिंटरचा विचार बहुतेकजण विसरतात. झेरॉक्सच्या दुकानांत आणि कार्यालयांत सर्रास दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा विंडोजवर सरळ चालतो, परंतु त्याची भाषा कंपनीची स्वतःची असल्याने लिनक्सवर त्याला वेगळा ड्रायव्हर आणि खटपट लागते. नवा प्रिंटर घ्यायचाच असेल, तर एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर मान्य करणारा घ्यावा. तो मॅक आणि लिनक्सवर ड्रायव्हरशिवाय चालतो.

प्रत्यक्ष बदल

लिनक्सची पारख न बसवताही करता येते. ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंटची प्रतिमा (प्रणालीची संपूर्ण फाईल) उतरवून संगणक त्यावरून सुरू करावा आणि वायफाय, आवाज, प्रिंटर, झाकण मिटल्यावर झोपून पुन्हा जागे होणे, आणि वर सांगितलेल्या मराठी-कन्नड ओळी, हे सारे तपासावे. डिस्कवरील विंडोज तोवर जागच्या जागी राहते.

फाईली हलवण्यासाठी बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी, कारण ती तिन्ही प्रणालींत वाचता आणि लिहिता येते. विंडोजच्या एनटीएफएस डिस्कवरील फाईली मॅकला वाचता येतात, पण तिच्यावर लिहिता येत नाही. दोन प्रती कराव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर ठेवावी. संस्थेच्या कार्यालयात बदल करायचा असेल, तर मार्चअखेरच्या हिशेबाच्या आणि वार्षिक सभेच्या दिवसांत तो करू नये. जुने यंत्र लगेच पुसून न टाकता, नव्या यंत्रावर एक पूर्ण महिन्याचे इतिवृत्त, एक कन्नड अर्ज आणि एक छापील नोटीस व्यवस्थित निघेपर्यंत जोडून ठेवावे.