पोरीला बास्केटबॉलमध्ये घालताय? मग पैशाचं आणि व्हिसाचं आधी वाचा

इंडियानापोलिसला नवीन आलेल्या मराठी घरांमधून हल्ली हमखास एक प्रश्न येतो, पोरगी बास्केटबॉल खेळायचं म्हणतेय, यात पुढे पैसा आहे का हो. कारण उघड आहे, 2024 पासून केटलिन क्लार्क इथल्या इंडियाना फीव्हर या बायकांच्या प्रो टीमकडून खेळते आणि तेव्हापासून ग्रोसरीच्या लाइनीतसुद्धा 22 नंबरची जर्सी दिसते. लायसन, बँक, सोशल सिक्युरिटी यावर सगळेच सांगतात, मी फक्त या एका विषयावर लिहितेय.

पगार ऐकून आपली माणसं दचकतात. क्लार्क ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नव्या खेळाडू निवडतात तिथे, पहिली निवडली गेली, तरी तिचा पहिल्या वर्षाचा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे बायकांच्या प्रो लीगचा, पगार होता 76,535 डॉलर, आणि चार वर्षांचा सगळा करार मिळून 3,38,056. आपल्या मंडळातली आयटीवाली पोरं यावर हसतात, की अरे आम्हाला जॉइन होतानाच याहून जास्त होते. 2025 च्या सीझनला लीगमधला सगळ्यात कमी पगार 66,079 आणि सगळ्यात मोठा 2,49,244 डॉलर होता. तिकडे पुरुषांच्या एनबीएत स्टेफ करी एका सीझनला साडेपाच कोटी डॉलरच्या वर घेतो. या फरकावरून खेळाडूंची युनियन वर्षानुवर्षं भांडतेय, लीगशी असलेला 2020 चा करार त्यांनी ऑक्टोबर 2024 मध्ये मुदतीआधीच मोडायचं ठरवलं, कारण त्याच वर्षी लीगने टीव्हीवाल्यांशी 11 वर्षांचा करार केला, वर्षाला साधारण 20 कोटी डॉलरचा. म्हणजे वरचे पगार 2025 पर्यंतचे समजा, व्हॉट्सॅपवर फिरणारे जुने आकडे धरून बसू नका.

आणि जागा किती? 2025 मध्ये 13 टीम, एका टीममध्ये जास्तीत जास्त 12 जणी, करा गुणाकार. खाली डिव्हिजन वनच्याच, म्हणजे कॉलेज खेळाच्या सगळ्यात वरच्या पातळीच्याच, साडेतीनशेच्या वर कॉलेज टीम आहेत. ड्राफ्टमध्ये नाव आलं म्हणजे नोकरी लागली असंही नाही, ट्रेनिंग कॅम्पमधूनच कितीतरी जणींना घरी पाठवतात. आपल्याकडची गीतू अ‍ॅना जोस 2011 मध्ये डब्ल्यूएनबीए टीम्सच्या ट्रायआउटपर्यंत पोचली होती, भारताची इतकी मोठी खेळाडू, तिलासुद्धा करार मिळाला नाही. उंचीचं विचारू नका, कोच बघेल.

मग या बायका जगतात कशावर? पगाराच्या बाहेरच्या पैशावर, हे नीट लक्षात घ्या कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. क्लार्कचा नायकीचा करार बातम्यांत आला तो आठ वर्षांचा 2.8 कोटी डॉलरचा. आधीच्या पिढीला ब्रँड एवढे विचारत नव्हते, त्या हिवाळ्यात तुर्की, रशिया, चीनला जाऊन खेळायच्या. डायना टॉरासीला तर रशियन क्लबने 2015 चा अमेरिकेतला सीझन सोडून विश्रांती घे म्हणून पैसे दिले, इथल्या पगाराच्या कितीतरी पट. ब्रिटनी ग्राइनर त्याच क्लबकडे खेळायला जाताना फेब्रुवारी 2022 मध्ये मॉस्कोच्या एअरपोर्टवर पकडली गेली आणि डिसेंबरमध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली, त्यानंतर रशियाचं आकर्षण ओसरलं. आता 2025 पासून मायामीला अनरायव्हल्ड नावाची थ्री-ऑन-थ्री लीग आहे, नफीसा कॉलियर आणि ब्रियाना स्टुअर्ट या दोन खेळाडूंनीच काढलेली, तिथे पहिल्या वर्षी थोड्या आठवड्यांचे सरासरी दोन लाख डॉलरच्या वर मिळाले, म्हणजे बहुतेक जणींच्या तेव्हाच्या अख्ख्या सीझनच्या पगारापेक्षा जास्त.

तर आता मुद्दा. हा जो बाहेरचा पैसा आहे ना, नेमका तोच व्हिसावरच्या पोरीला घेता येत नाही. जुलै 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर, फोटोवर पैसे कमावता येतात, एनआयएल म्हणतात त्याला. टीममधल्या गोऱ्या-काळ्या मैत्रिणी इन्स्टावर रील टाकून पैसे घेतात आणि आपलीला वाटतं मी पण. पण तुम्ही एच-वनवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर ती एच-फोरवर, म्हणजे कुटुंबाच्या व्हिसावर आहे, तिला कामाची परवानगी नाही, वर्क परमिट मिळतो तो काही अटींवर नवरा-बायकोला, मुलांना नाही. 21 पूर्ण झाले की एच-फोर संपतो, मग एफ-वन, म्हणजे विद्यार्थ्यांचा व्हिसा, आणि त्यात कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय काम करता येत नाही. जाहिरात करून पैसे घेणं हे काम धरलं जाऊ शकतं. रोख घेतले तरी, गिफ्ट कार्ड घेतलं तरी, "ओळखीतलाच दुकानदार आहे हो" असला तरी. ओळखीतल्या एका घरात हेच झालं, पोरीने दोन रील केल्या, पैसे बाबांच्या अकाउंटला घेतले की झालं असा सल्ला कुणीतरी पार्टीत दिला, आणि पुढे व्हिसाच्या वेळी वकिलाची फी त्या रीलच्या पैशाच्या कितीतरी पट गेली, घरातली झोप गेली ती वेगळीच. आपल्या लोकांत फुकटचे इमिग्रेशन वकील फार. त्यांचं ऐकू नका. युनिव्हर्सिटीत इंटरनॅशनल स्टुडंट ऑफिस असतं तिथे विचारा, आणि खऱ्या वकिलाला विचारा, पैसे घ्यायच्या आधी, नंतर नाही. 2025 च्या कोर्ट सेटलमेंटनंतर कॉलेजं स्वतःसुद्धा खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, तिथेही हाच प्रश्न येतो, कोचने हो म्हटलं म्हणजे व्हिसाने हो म्हटलं असं नाही. ग्रीन कार्ड हातात असेल तर हा परिच्छेद विसरा, खुशाल कमवा.

स्कॉलरशिपला मात्र व्हिसाची अडचण नाही आणि खरा फायदा तिथेच आहे. फी, राहणं, जेवण, पुस्तकं सगळं निघालं तर आईबापाच्या खिशातले लाख-दोन लाख डॉलर वाचतात, प्रो होण्याच्या स्वप्नापेक्षा हा हिशेब करा. फक्त आता ती पूर्ण की अर्धीमुर्धी हे स्पष्ट विचारा, नवीन नियमात तुकडे करून देता येते. आणि हार्वर्ड-प्रिन्स्टनवाल्यांनो, आयव्ही लीगमध्ये खेळाची स्कॉलरशिप नसते, डिव्हिजन थ्रीमध्येपण नाही.

ट्रॅव्हल टीम्स, म्हणजे गावोगावी स्पर्धांना जाणाऱ्या खासगी टीम, हा इथला मोठा धंदा आहे, फी, हॉटेल, पेट्रोल, दर वीकेंडला कुठल्यातरी जिममध्ये बसा. "आम्ही कोचेसना व्हिडिओ पाठवतो" म्हणून हजारो मागणाऱ्या माणसापासून लांब राहा, व्हिडिओ पोरगी स्वतः पाठवू शकते, कोचला मेलसुद्धा तिनेच करावा, बाबांनी नाही. शाळेच्या टीमपासून सुरुवात करा. गुडघ्याला जपा, एसीएल नावाचं गुडघ्यातलं लिगामेंट मुलींचं जास्त जातं, आणि इन्शुरन्सचा डिडक्टिबल, म्हणजे आधी आपण भरायची रक्कम, बघून ठेवा.

अभ्यास सोडू देऊ नका, एनसीएए या कॉलेज खेळांच्या संस्थेला हायस्कूलचे 16 कोअर कोर्स लागतात. भारतातून नववी-दहावी करून आलेली असेल तर त्या मार्कशीटही मागतात, मूळ, शाळेच्या सहीशिक्क्याच्या. तिकडच्या ऑफिसातून त्या काढायला वेळ लागतो, तेव्हा पुढच्या उन्हाळ्यात आजी-आजोबा येणार असतील तर लोणच्याच्या बरण्यांच्या आधी ते सांगा.