नव्या कॉमिक अंकाचं परीक्षण कसं लिहावं

अमेरिकेत नवी कॉमिक्स बुधवारी दुकानात येतात. डीसी या मोठ्या प्रकाशकाने 2020 मध्ये मंगळवार धरला होता, पण 2024 मध्ये तेही बुधवारवर परतले. बुधवार उजाडला की परीक्षणांचा पाऊस सुरू होतो आणि त्यातली बरीचशी एकाच साच्यातली असतात: चार परिच्छेद कथानक, ‘चित्रं अप्रतिम’ अशी एक ओळ आणि शेवटी दहापैकी आठ. चार-पाच डॉलर मोजून हातात साधारण वीस पानांची कथा पडते. त्या पानांत चित्रांनी काय काम केलं, हे वाचकाला सांगायला हवं.

1. आधी अंकाची कुंडली मांडा

मालिकेतला कितवा अंक, सुरू असलेल्या कथेतला कितवा भाग, लेखन, पेन्सिल (मूळ रेखाटन), शाई (त्यावर गिरवलेल्या रेषा), रंग आणि लेटरिंग (संवादांची अक्षरं आणि फुगे) कोणाचं, हे लिहून काढा. नावं आतल्या श्रेयनामावलीतून घ्या. मुखपृष्ठ काढणारा चित्रकार आतली पानं काढतोच असं नाही. व्हेरिएंट मुखपृष्ठाचा, म्हणजे त्याच अंकाच्या पर्यायी मुखपृष्ठाचा, तर आतल्या कथेशी बहुधा संबंधच नसतो. शाई भरणाऱ्यांची तीन-तीन नावं दिसली तर कान टवकारा: बऱ्याचदा मुदत गळ्याशी आल्याचं ते लक्षण असतं.

प्रकाशकाने दोन-तीन महिने आधी दिलेला परिचय उचलू नका. तो दुकानांकडून मागणी मिळवण्यासाठी लिहिलेला असतो, अनेकदा अंक पूर्ण व्हायच्या आधीच.

2. अंक तीनदा वाचा

पहिलं वाचन सरळ, थांबे न घेता. कुठे मागे जाऊन पुन्हा पाहावं लागलं, तेवढीच पानं टिपून ठेवा.

दुसऱ्या वाचनात फुगे वाचूच नका. नुसत्या चित्रांवरून कोण कुठे उभं आहे, कोण कोणावर चिडलंय, खोलीचं दार कोणत्या बाजूला आहे हे कळतं का? मारामारीच्या पानांवर हे हमखास फसतं. एका चौकटीत नायक डावीकडून येतो, पुढच्या चौकटीत उजवीकडून, आणि गुद्दा कोणी कोणाला मारला याचा पत्ता लागत नाही. पार्श्वभूमीही पाहा. पहिल्या पाच पानांत खिडक्या-विटांसकट रस्ता आणि पंधराव्या पानापासून नुसता सपाट रंग, असं असेल तर ते पान क्रमांकासह नोंदवा. पण दोघांच्या भांडणात मुद्दाम पार्श्वभूमी काढून टाकलेली असू शकते. तेव्हा ती नेमकी कुठल्या क्षणी गेली ते बघूनच ठरवा.

तिसऱ्या वाचनात पानवार तक्ता करा: पान, चौकटींची संख्या, काय घडतं. पाच-सहा चौकटींची चाल असताना अचानक पानभर एकच चित्र आलं, तर त्या क्षणाची तेवढी लायकी होती का? वीसपैकी सहा पानं अशी गेली तर अंक पाच मिनिटांत संपतो आणि पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं.

पान उलटण्याची जागा हे छापील कॉमिकचं मोठं हत्यार आहे. धक्का डाव्या पानावर हवा, म्हणजे उलटेपर्यंत तो दिसत नाही. उजव्या पानावर असेल तर शेजारचं पान वाचतानाच डोळा तिकडे जातो. हा दोष लिहिण्याआधी मात्र छापील प्रत पाहा. डिजिटल प्रतीत जाहिराती गळालेल्या असू शकतात, त्यामुळे डावं-उजवं बदलतं. फोनवर एकेक चौकट सरकवत वाचून पानाच्या मांडणीवर मत देऊ नका. तुम्ही ते पान पाहिलेलंच नसतं.

3. लेटरिंग तपासा

याकडे जवळपास सगळेच काणाडोळा करतात. फुग्याची शेपटी बोलणाऱ्याच्या तोंडाकडे वळते का? आधी बोलणाऱ्याचा फुगा वर किंवा डावीकडे आहे का? पंचवीस-तीस शब्दांच्या पुढे गेलेला फुगा चित्राला गिळतो. असे फुगे मोजा. मराठी भाषांतर असेल तर इंग्रजीच्या मापाने काढलेल्या फुग्यात वेलांट्या आणि उकार कडेला चिकटलेत का तेही बघा.

4. लिहायला बसा

पाचशे शब्दांच्या परीक्षणात कथानकाला ऐंशी-नव्वद शब्द पुरे. ‘रंगसंगती सुंदर आहे’ याने वाचकाच्या हाती काही लागत नाही. ‘घरातली पानं पिवळट आहेत, फोन वाजतो त्या चौकटीपासून निळा शिरतो आणि शेवटपर्यंत हटत नाही’ असं लिहिलंत तर अंक न पाहिलेल्यालाही ते दिसतं.

रहस्यभेदाची रेघ कुठे ओढायची? प्रकाशक पहिली तीन-चार पानं नमुन्यादाखल जाहीर करतो, तेवढं खुशाल सांगा. शेवटच्या पानाबद्दल ‘धक्का बसेल’ एवढंही लिहू नका, कारण मग माणूस अंकभर त्याचीच वाट पाहतो.

मालिकेचा तिसरा-चौथा भाग असेल तर ‘कथा अपूर्ण वाटली’ ही तक्रार गैरलागू आहे. नवा वाचक इथून सुरुवात करू शकतो का, एवढं एका वाक्यात सांगा.

5. चित्रं आणि गुण

भारताच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 नुसार समीक्षेसाठी वाजवी वापराला मुभा आहे. ज्या मुद्द्यावर बोलताय तेवढ्याच एक-दोन चौकटी घ्या, खाली चित्रकार आणि रंगकाराचं नाव द्या. अख्खी पानं टाकू नका. प्रकाशकाकडून आगाऊ प्रत आली असेल तर ते परीक्षणातच सांगा आणि ठरलेल्या वेळेआधी मजकूर टाकू नका.

गुण द्यायचेच असतील तर मजकूर पूर्ण झाल्यावर द्या. आधी आकडा ठरवला की पुढची वाक्यं त्याचीच वकिली करत बसतात.